जीपमधलं गाळलेलं पाणी

वयाच्या बहात्तराव्या वर्षी माणसानं काय शिकावं याला काही धरबंध असावा की नाही? धनपाल चौगुल्यांनी घरच्या घरी जीपचा रेडिएटर रिकामा करून थर्मोस्टॅट बदलायचं ठरवलं, आणि तेही मोबाइलवर व्हिडिओ बघून. एकच व्हिडिओ त्यांनी सात वेळा बघितला. त्यातला माणूस कुठल्या मुलखातला होता देव जाणे, पण धनपाल आण्णा त्याच्याशी बोलायचे. ‘थांब रं जरा, पान्हा कितीचा म्हणालास?’ असं म्हणून त्याला मागं न्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

त्यांची बायको आक्काताई सोप्यात बसून हे सगळं बघत होत्या. नवऱ्याला जमणार नाही ही भीती नव्हती, जमेल हीच भीती होती. त्या रेडिएटरमध्ये काय भरलंय ते अख्ख्या गावात एकट्या आक्काताईंना ठाऊक होतं, आणि आज ते अंगणात बाहेर पडणार होतं.

आता हे सांगायचं तर आधी हंबीररावांचं सांगायला पाहिजे.

हंबीरराव आणि आण्णा एकाच बाकावर शिकलेले. एक मराठा, एक जैन, पण मार दोघांना एकाच छडीचा. पुढं हंबीरराव लष्करात गेले, चोवीस वर्षं तिकडं गाड्या दुरुस्त केल्या, हवालदार होऊन परत आले आणि स्टँडवर नानासोच्या चहाच्या टपरीशेजारी गॅरेज टाकलं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मग आक्काताईंनीच नेम घालून दिला की संध्याकाळचं जेवण आमच्यात. जैनाच्या घरचं जेवण म्हणजे दिवस मावळायच्या आत. साडेपाचला हवालदार पाय धुऊन हजर. ‘वैनी, पल्टनीत सुदा एवढ्या लवकर जेवान न्हवतं,’ असं रोज म्हणायचे आणि रोज तीन भाकरी खायचे. अठ्ठावीस वर्षं हे चाललं आणि गेल्या वैशाखात थांबलं.

झालं असं की आण्णा इस्लामपूरला लग्नाला निघाले आणि आष्ट्याच्या अलीकडं जीप उकळली. रस्त्यावरच्या मिस्त्रीनं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, “आजोबा, ह्यात इंजिन गार ठेवायचं कूलंट कुठाय? कुणीतरी बोअरचं पाणी भरलंय. थर्मोस्टॅट बी जाम झालेला दिसतोय.” आण्णांनी पुढं मागं काही बघितलं नाही. त्या जीपला हात लावणारा मिस्त्री एकच, आणि संक्रांतीला जुनं कूलंट काढून नवं भरलं म्हणून सांगणाराही तोच. आण्णा तडक स्टँडवर गेले आणि टपरीवर दहा माणसांदेखत म्हणाले, “हवालदार, दोस्ताच्या गाडीत पाणी भरून कूलंट म्हणून सांगायचं, हे लष्करात शिकलास व्हय?”

हंबीररावांनी हातातला कप खाली ठेवला. “धन्या, हे तू बोललास?” एवढंच विचारलं आणि उठून गॅरेजचं शटर खाली ओढलं.

लोकांची तोंडं कोण धरणार? स्टँडवर त्यांचं नाव ‘पाणी हवालदार’ पडलं. दोघा-तिघा ट्रॅक्टरवाल्यांनी गॅरेज बदललं. आणि हंबीरराव आता संध्याकाळी साडेपाचला चहात पाव बुडवून खातात, ही बातमी आक्काताईंना गिरणीत दळण टाकताना कळली. त्या तिथल्या तिथं पोत्यावर बसल्या.

कारण जीपमध्ये पाणी भरलं होतं ते आक्काताईंनी.

आता तुम्ही म्हणाल, बाईला काय भूत लागलं होतं? तर तसं काही नाही. त्यांच्या घरी एक मांजरी होती, कबरी. तशी पाळलेली नव्हती, आपली येऊन राहिलेली. हंबीरराव जेवायला बसले की ही त्यांच्या मांडीवर, आणि शेवटच्या भाकरीचा शेवटचा तुकडा दुधात बुडवून हिच्या तोंडात, असा दोघांचा करार. संक्रांतीच्या आदल्या दिवशी हंबीररावांनी अंगणात जीपचं जुनं कूलंट घमेल्यात काढलं, नवं भरलं, आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून ते घमेलं तसंच उघडं टाकून गेले. ते हिरवंगार गोड पाणी कबरी चाटत होती. आक्काताईंनी बघितलं, हाकललं सुद्धा, पण त्यात एवढं काय असंल असं त्यांना वाटलं. रात्री मांजरी दारू प्यायल्यागत झोकांड्या खायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. पुण्याला असलेल्या गोमटेशला, म्हणजे लेकाला, त्यांनी फोनवर विचारलं. तो म्हणाला, “आई, ते विष असतंय. गोड लागतंय म्हणून जनावरं पितात.”

मागं कडब्याच्या गंजीत तीन पिल्लं होती, डोळेसुद्धा न उघडलेली. ती आक्काताईंनी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवली.

ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, गाळणं उलटं करून त्यातले जीव पुन्हा पाण्यात सोडतात, त्या घरात हे. आक्काताईंनी हंबीररावांना सांगितलं, “साप चावला असंल.” खरं कुठल्या तोंडानं सांगायचं? बायको गेलेला माणूस, मांजरीला ‘काय गं म्हातारे’ म्हणून हसायचा. तुमच्या हातनं ती मेली हे त्याला सांगायचं आणि पुढ्यात ताट ठेवायचं, हे आक्काताईंच्यानं होणार नव्हतं.

पण जीप जुनी. रोज थोडी थोडी गळायची. जिथं उभी असायची तिथं खाली हिरवे थेंब, आणि पिल्लं आता रांगत अंगणभर फिरायची. गळालेलं भरून काढायला हंबीररावांनी कूलंटचे दोन कॅन दिले होते आणि आण्णांनी ते काम आक्काताईंवर सोपवलं होतं, कारण पहाटे ते उसाला पाणी पाजायला जायचे. आक्काताईंनी दोन्ही कॅन खताच्या पोत्यांमागं दडवले. रोज सकाळी बोअरचं पाणी पांढऱ्या फडक्यातून दोनदा गाळून, तांब्या तांब्यानं त्या जीपमध्ये ओतलं. गळंना का, पण निदान पाणी गळेल. आणि त्यांच्या बोअरचं पाणी म्हणजे काय सांगावं? चहाचं पातेलं चार दिवसांत पांढरं पडतं. फडक्यात जीव अडकतात, क्षार थोडेच अडकतात? करायला गेल्या दया आणि झालं हे असं.

वैशाखात खरं बोलायचं तर मांजरीचंही खरं बोलावं लागणार होतं. म्हणून आक्काताईंनी तोंडात मिठाची गुळणी धरली. आज बोलू, उद्या बोलू, असं करता करता भाद्रपद आला. दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जाऊन, मग घरोघर फिरून, वर्षभरात मनानं, बोलण्यानं, कृतीनं दुखावलं असेल तर क्षमा करा, असं आक्काताईंनी सगळ्या गावाला हात जोडून म्हटलं. सुनेची फोनवर मागितली, भांडीवाल्या बाईची मागितली, म्हशीचीसुद्धा मागितली. स्टँडच्या रस्त्याला मात्र वळल्या नाहीत. ज्याची मागायची त्याचीच राहिली, आणि तेव्हापासून एक घास त्यांना धड गोड लागला नव्हता.

आणि आता दिवाळी उलटून गेली होती, वैशाखापासून अंगणात उभी असलेल्या जीपसाठी आण्णा सांगलीहून नवा थर्मोस्टॅट घेऊन आले होते आणि तिच्याखाली घमेलं सरकवत होते.

“आवं, त्यावर झाकाय फळी घ्या,” आक्काताई म्हणाल्या.

“आधी पडू तरी दे त्यात काय. मग झाक.”

इंजिन थंडच होतं. आण्णांनी वरचं झाकण काढलं, आडवे होऊन रेडिएटरच्या बुडाचा नळ पिळला. तो काही केल्या फिरेना. आण्णा त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, जैन माणसाच्या तोंडी तर शोभत नाहीच. शेवटी त्यांनी खालचा रबरी पाइपच सैल केला आणि घळाघळा पाणी आलं. हिरवं नाही, विटकरी. गंजाचं, गाळाचं, पांढऱ्या खपल्यांचं.

आण्णा उठून बसले. हात पुसायचे सोडून त्या घमेल्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “बघ. बघितलंस? म्हंजे मी उगाच बोललो न्हवतो. एक थेंब कूलंट न्हाई ह्यात.”

आक्काताईंनी फळी आणून घमेल्यावर ठेवली. तिच्यावर वीट ठेवली.

“आगं थांब, झाकतीस काय?” आण्णांनी वीट उचलली. काचेची एक बाटली आणली, विटकरी पाणी तिच्यात काठोकाठ भरलं आणि बूच लावलं. “आज न्हेतो टपरीवर. नानासोच्या फळीवरच ठेवतो. लोक म्हणत्यात, आण्णा, तुमी दोस्ताला उगंच तोडलं. बघू देत की सगळ्यांस्नी.”

दहा महिने झाकलेलं आज बाटलीत भरून स्टँडवर निघालं होतं, आणि ते पुन्हा त्या गरीब माणसाच्याच डोक्यावर फुटणार होतं. आता बोल, असं त्या स्वतःला म्हणाल्या. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर, “चहा ठेवू?”

“थर्मोस्टॅट काढू दे आधी.”

इंजिनाच्या वरच्या अंगाला पाइप जिथं शिरतो तिथं दोन बोल्ट होते. ते सुटले, झाकण निघालं आणि आतनं रुपयाएवढी चकती आणि स्प्रिंग असलेला एक जिन्नस बाहेर आला. एवढ्याशा वस्तूवर जीप अडली होती. वर क्षारांचा पांढरा थर, जाड. आण्णांनी नखानं खरवडलं तर निघेना.

“आता एक पातेलं दे. ह्यो जुना आणि नवा दोनी उकळून बघायचं. व्हिडिओत दाखवलंय.”

“माझ्या स्वयंपाकघरात न्हाई हां.”

मग परसातल्या चुलीवर, म्हशीच्या आंबोणाच्या डेचक्यात पाणी ठेवलं. आण्णांनी दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात सोडले आणि दोघं नवरा-बायको चुलीसमोर उकिडवी बसली. म्हणजे आण्णा उकिडवे, आक्काताई पाटावर, कारण गुडघे ऐकत नाहीत. पाण्याला बुडबुडे आले. वाफ आली. नव्या थर्मोस्टॅटची चकती हळूच उचलली गेली आणि फट पडली, बोट शिरेल एवढी.

“बघ कसं हाय,” आण्णा कौतुकानं म्हणाले. “गार हाय तवर मिटून बसतंय. तापलं की आपलं आपण उघडतंय. मग पाणी फिरतंय आणि इंजिन गार. ह्यो जुना बघ, खदाखदा उकळलं तरी तोंड उघडंना. आता ह्याला काय म्हणावं?”

आक्काताईंनी मान खाली घातली. चुलीच्या धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं आण्णांना वाटलं, आणि त्यांनी फुंकणी उचलून जाळ नीट केला. पन्नास वर्षांचा नवरा काय आणि सहा दिवसांचा काय, धूर आणि रडणं यातला फरक त्याला कळेल तर शपथ.

आण्णांनी झाकणाखालचं कागदासारखं जुनं गॅस्केट ब्लेडनं खरवडून काढलं, नवा थर्मोस्टॅट स्प्रिंग आत करून बसवला, नवं गॅस्केट लावलं, बोल्ट आवळले. वरनं चांगलं पाणी ओतून रेडिएटर पाच वेळा धुतला, शेवटी स्वच्छ पाणी येईपर्यंत. पाइप पुन्हा घट्ट केला. म्हाताऱ्यानं खरोखर छान काम केलं, उगाच नावं का ठेवा? मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि कपाळावर हात मारून घेतला.

“कूलंट आणायचंच राहिलं की. असू दे. स्टँडवरच्या दुकानातनं आणतो, आणि बाटली बी ठेवून येतो.” त्यांनी टोपी घातली, बाटली काखोटीला मारली.

“थांबा,” आक्काताई म्हणाल्या.

त्या आत गेल्या. खताची दोन पोती त्यांनी स्वतःच बाजूला ओढली. कशी ओढली कोण जाणे. दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन त्या बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या पायाशी ठेवले. सील न फोडलेले, धूळ बसलेले.

आण्णांनी कॅनकडं बघितलं. बायकोकडं बघितलं. “हे हंबीरनं दिलेलं न्हवं? भरायला?”

“व्हय. भरलंच न्हाई मी. बोअरचं भरलं. गाळून, रोज.”

आणि मग सगळं आलं. कबरीचं, उघड्या घमेल्याचं, झोकांड्यांचं, पिल्लांचं, सापाच्या थापेचं. आक्काताई उभ्यानं बोलत होत्या आणि पदराचं टोक पिळत होत्या. सगळं झाल्यावर आण्णा जीपच्या पायरीवर बसले.

“मी मारलं असतं व्हय गं तुला?” त्यांनी विचारलं.

“तुमचं भ्या न्हवतं. भावजींना कळलं असतं. त्यांच्या हातनं गेली ती. त्यांना लय लागलं असतं.”

आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आन् मी त्याला दहा जणांत काय बोललो,” ते म्हणाले. गोठ्यात म्हैस शेपटी हलवत होती.

मग आण्णा उठले. “चल, मी जातो. माझं चुकलं म्हणतो. तुझं नाव न्हाई घेत. गावाला काय सांगायची गरज न्हाई.”

“माझं नाव घ्यायचं,” आक्काताई म्हणाल्या. “आन् मी बी येणार.”

“तुझं गुडघं...”

“गुडघं माझं हाईत.”

जीप तर उघडीच पडलेली. दोघं पायी निघाली. आण्णांच्या काखेत ती विटकरी पाण्याची बाटली होती, ती त्यांनी ठेवली नाही. स्टँड पाऊण मैलावर. एरवी आक्काताई बस्तीपर्यंत चालताना तीनदा बसायच्या. आज एकदा बसल्या, तेही आण्णांनी जबरदस्तीनं बसवलं म्हणून.

चारचा सुमार. नानासोच्या टपरीवर नेहमीची माणसं होती. शेजारच्या गॅरेजच्या दारात हंबीरराव एका मोपेडचं चाक घेऊन बसले होते, टपरीकडं पाठ करून. वाळलेले दिसत होते. आण्णांना बघून टपरीवरची बोलणी थांबली. आण्णांनी बाटली नानासोच्या फळीवर ठेवली.

“हे माझ्या जीपमधलं पाणी,” आण्णा मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “वैशाखात हितंच मी हंबीरला लबाड म्हणालो. ते खोटं हाय. हे पाणी माझ्या घरातनं भरलंय. हंबीरनं कूलंटच भरलं व्हतं. लबाड न्हाई त्यो. मी बिनडोक हाय. ज्यानं ज्यानं तवा ऐकलं त्यानं हे बी ऐका.”

हंबीररावांची पाठ हलली नाही. हातातलं चाक मात्र थांबलं.

आक्काताई पुढं झाल्या, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “भावजी, पाणी मी भरलं,” त्या म्हणाल्या. “तुमचं कॅन मी लपवलं. तुमाला नाव ठेवत्यात हे ठावं असून मी गप बसले. क्षमावाणीला सगळ्यांकडं गेले, तुमच्याकडं न्हाई आले.”

“का पर?” हंबीररावांनी विचारलं. “कूलंटनं तुमचं काय वाईट केलंतं, वैनी?”

आता सांगणं भाग होतं. आक्काताईंनी कबरीचं सांगितलं. जपून सांगायचा प्रयत्न केला, पण असलं काही जपून सांगता येत नाही. हंबीरराव ऐकत होते. हळूहळू त्यांनी चाक जमिनीवर आडवं केलं.

“म्हंजे तिला साप चावला न्हवता.”

“न्हाई.”

“घमेलं म्या टाकलंतं उघडं.” ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. “चोवीस वर्सं पोरांना दम देऊन सांगायचो, तेल, डिझेल, कूलंट, कायबी उघडं टाकायचं न्हाई. आन् तुमच्या अंगणात टाकून आलो.” त्यांनी काळ्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले, आणि गालावर ग्रीसचा पट्टा उमटला. मग एकदम मान वर करून म्हणाले, “आन् हे मला कळू नये म्हणून तुमी मला सहा म्हयनं लबाड ठरू दिलं, वैनी? मांजरीपायी मी एक रात रडलो असतो. फार तर दोन. हे सहा म्हयनं कसं काढलं ठावं हाय का तुमाला?”

आक्काताईंना ते बोलणं बरोबर लागायचं तिथंच लागलं. आपण ज्याला माया म्हणत होतो ती त्या माणसाला केवढ्याला पडली, हे त्यांना आत्ता, या रस्त्यावर उभं राहून कळत होतं. क्षमावाणीला वर्षानुवर्षं म्हटलेले शब्द तोंडाशी आले, मनानं, बोलण्यानं, कृतीनं, पण ते शब्द फार सोपे वाटले आणि त्यांनी ते गिळले. फक्त हात जोडले.

“चुकलं माझं, भावजी.”

आण्णा त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनीही हात जोडले. बालमित्रासमोर हात जोडायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते जरा अवघडल्यासारखे दिसत होते.

हंबीरराव दोघांकडं बघत राहिले. मग गुडघ्यावर जोर देऊन उठले, हात पँटला पुसले, आणि आक्काताईंसमोर त्यांनीही हात जोडले.

“कबरीचं मला माफ करा, वैनी,” ते म्हणाले. “तिची पिल्लं तुमी वाढवली.”

तिघं तशीच उभी राहिली. आधी हात कुणी खाली घ्यायचे ते कुणालाच कळेना. नानासोनं न सांगता तीन कप चहा आणून तिघांपुढं धरला, आणि ट्रे हातात घेऊन तोही थांबला, कारण कप घ्यायला हात मोकळा एकाचाही नव्हता.